गुंडांसाठी कपडे

जयेशने पोस्टर उलगडून जमिनीवर पसरलं आणि ते उडू नये म्हणून मास्तरांचेच रंगाचे चार डबे उचलून चार कोपऱ्यांवर ठेवले. पिवळ्या डब्याचं झाकण सैल होतं. थोडा रंग हिरोच्या घोंगडीवर सांडला.

"सॉरी, मास्साब. पण बघा तर, काय जबरदस्त सीन आहे! ह्या वर्षीची आपली झांकी म्हणजे हाच पिक्चर. शुक्रवारी माझ्या टॉकीजला लागतोय, आणि अनंत चतुर्दशीला अख्खं इंदूर रस्त्यावर असणार."

शरच्चंद्र मास्तरांनी फडकं घेऊन सांडलेला रंग टिपला. मिलच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली होती आणि त्यातली बावीस वर्षं शाळेमागच्या ह्या पत्र्याच्या शेडमध्ये मिलची झांकी उभी केली होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवरून निघणारा, हलत्या पुतळ्यांचा, दिव्यांनी झगमगणारा देखावा. कधी कृष्ण, कधी राम, कधी प्रल्हाद. मिल बंद पडून आता चौदा महिने झाले होते. शाळाही गेली. झांकी तेवढी उरली होती, आणि एक वर्ष जरी ती निघाली नाही तरी मिरवणुकीतला मिलचा नंबर दुसऱ्या कुणाला जाणार होता.

ट्रक, जनरेटर आणि दिवे जयेश देणार होता. म्हणून विषयही त्याचा.

"गोष्ट काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"एक भगोडा आहे. जेल तोडून पळालेला. घर नाही, दार नाही, गावोगाव भटकतो. एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी आसरा घेतो. नवरा, बायको आणि त्यांचा एवढासा मुलगा. त्यांच्या जमिनीवर शेठची नजर. बस, मग काय! शेठ शहरातून गुंडे आणतो, आणि हा एकटा त्यांची अशी धुलाई करतो ना..."

"गुंड कुठले?" संताजीने विचारलं. तो मिलमधला फिटर. आता सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात रोजीवर जात होता. झांकीतले पुतळे जिच्यावर हलत ती मोटार, त्या सायकलच्या चेन, लूममधून काढलेली ती चाकं, सगळं त्याच्या हातचं. पोस्टरशेजारी उकिडवा बसून तो निरखत होता. "हे कपडे तर ओळखीचे वाटतात, भिया."

पोस्टरवरच्या गुंडांच्या अंगात मिलचे निळे शर्ट होते. खांद्यावर गमछे. एकाच्या हातात पेटता बोळा, शेतकऱ्याच्या छपराकडे उगारलेला.

"अरे, ते बंद मिलचे मजूर दाखवलेत. बेकार झालेले. शेठ त्यांना ट्रक भरून आणतो." जयेश हसला. "पिक्चर आहे, संताजीभिया. दिल पे मत लो."

"म्हणजे आम्ही आमचेच पुतळे करायचे, त्यांना आग लावताना दाखवायचं, आणि मग माझ्याच मोटारीवर त्यांना मार खायला लावायचा."

"तुमचे कोण म्हणालं? गुंडे आहेत ते! मास्साब, तुम्हीच समजवा ह्यांना. जमाना खुल गया है. बाहेरच्या कंपन्या येताहेत, उद्या इथे फ्लॅट उभे राहतील, आणि आपण अजून पूतनाच मारत बसलोय. पब्लिकला नवीन काही पाहिजे."

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मिलचे टाइमकीपर शामराव ह्यांचा हा मुलगा. चौथीत असताना बाकावरून पडला होता, त्याची खूण डाव्या भुवईत अजून होती, केस नसलेली एक बारीक खाच. त्याला सरळ रेघ येत नसे. मास्तर त्याचा हात हातात धरून ती ओढवून घेत. आता त्याचा विजय नगरला बंगला होता, टॉकीज होती, आणि मिलची जमीन घ्यायला जे टपून बसले होते त्यांच्यात त्याचं नाव घेतलं जात होतं.

"कपडे?" मास्तर एवढंच म्हणाले.

"ते तर तुमचे लोक देतातच ना दरवर्षी. नाहीच मिळाले तर माझ्या घरून गठडी पाठवतो. बोला, आणखी काय पाहिजे?"

तो गेल्यावर संताजीने पोस्टरवरचा डबा पायाने ढकलला. पोस्टर सुर्रकन गुंडाळलं गेलं.

"नाही म्हणा, मास्तर."

"नाही म्हटलं तर ट्रक नाही."

"मग हातगाडीवर काढू! मालोजीच्या वेळी पेपरवाल्यांनी जे छापलं तेच आता आपण दिवे लावून लोकांना दाखवायचं? आपल्या हातांनी?"

मास्तरांच्या हातातलं फडकं मुठीत आवळलं गेलं होतं आणि पिवळा रंग बोटांमधून बाहेर येत होता.

मिल बंद झाल्याची नोटीस लागली त्या दिवशी गेटला बाहेरून कुलूप घातलं गेलं, तेव्हा पाळीवरची सोळा माणसं आतच होती. संध्याकाळपर्यंत कुणी उघडायला आलं नाही. शेवटी कार्डिंग खात्यातल्या मालोजीने लोखंडी सळईने कुलूप तोडलं आणि त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता, 'मिलमजुरांची गुंडगिरी'. मालोजीवर केस झाली. पोलीस यायच्या आत तो घरातून निघाला, तो अजून परतला नव्हता. आत कोंडलेल्या सोळा माणसांबद्दल पेपरात एक ओळ नव्हती. मास्तरांनी तो पेपर तीनदा वाचला होता. चूक सापडली की खाली लाल रेघ मारायची त्यांची सवय. त्या बातमीखाली रेघा मारता मारता कागद फाटला होता.

दोन दिवसांनी, दरवर्षीप्रमाणे, ते मिलच्या चाळीत पुतळ्यांसाठी जुने कपडे मागायला निघाले. ही मिलची पद्धत होती. ज्याच्या घरचा कपडा झांकीत चढे त्याला ते वर्ष चांगलं जाई, असं बायका मानत. एरवी एकेका दारात तीन-तीन शर्ट तयार असायचे.

ह्या वर्षी पोस्टरची गोष्ट संताजीकडून आधीच चाळभर झाली होती. दारं उघडली, चहा मिळाला, कपडे मिळाले नाहीत.

"कंसाला माझी बंडी दिली होती मी," दत्तोपंत म्हणाले. ते विव्हिंगमधले जुने मुकादम. "पूतनेला आमच्या हिचं लुगडं. राक्षसाला देतो, मास्तर, राक्षसाची काही इज्जत असते. ह्या कामासाठी नाही."

"मी सक्ती करायला आलो नाही, पंत."

"मग कशाला आलात?"

मास्तरांनी कपातला चहा बशीत ओतला, परत कपात ओतला. "पद्धत आहे म्हणून आलो. आणि तुम्ही नाही म्हणाल का, तेही बघायचं होतं."

दत्तोपंतांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग आत वळून ओरडले, "अगं, मास्तरांना शेव आण. मघाशी नुसताच चहा दिलास!"

रिकामी पिशवी काखेत मारून मास्तर शेडमध्ये परतले, तर दारात गठडी येऊन पडली होती. जयेश शब्दाचा पक्का. त्यांनी गाठ सोडली. पाच सफारी सूट, क्रीम आणि राखाडी, इस्त्रीची घडी न मोडलेले. प्रत्येकाच्या खिशावर निळ्या रेशमाने 'ज' काढलेला.

मास्तरांनी गठडीची गाठ पुन्हा बांधली. मग उठून त्यांनी भिंतीवरची फळी पुसायला घेतली.

त्या फळीवर चेहऱ्यांचे साचे होते. हीसुद्धा मिलची पद्धत. पुतळ्यांचे चेहरे कल्पनेने करायचे नाहीत. मिलमधल्याच कुणाच्या तरी चेहऱ्यावर प्लास्टर घालून साचा काढायचा आणि मागे पेन्सिलीने नाव लिहायचं. रावण फोल्डिंगच्या साहेबांचा. यशोदा रीलिंगमधल्या गंगाआजींची. लहान मूल लागलं तर शाळेतलं. मिरवणुकीत रस्त्याकडेचे लोक ओरडत, "अरे, आपल्या साहेबाचं बघ, दहाही तोंडं वाकडी!" आणि साहेबही हसत.

मास्तरांनी साचे एकेक खाली घेतले. नावं वाचली, काही परत ठेवले. दोन बाजूला काढले.

भगोड्याचा शर्ट शिवायचं काम त्यांनी सुनीताकडे दिलं. ती मालोजीची बायको. चाळीत शिलाईवर घर चालवत होती. कापड देताना मास्तर मुद्दाम एवढंच म्हणाले, "हिरोचा शर्ट आहे. साधाच शिव."

चार दिवसांनी ती शर्ट घेऊन शेडमध्ये आली. संताजी चेनला तेल देत होता. मास्तरांनी शर्ट उजेडात धरला. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड होती आणि तिची पट्टी अरुंद. मालोजीचा डावा पंजा कार्डिंग मशीनमध्ये चेचला गेला होता. बाही लांब असली की त्याला बोटं वापरता येत नसत.

"मी माप दिलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही दिलं नाहीत, मी विचारलं नाही," सुनीता म्हणाली.

मास्तरांनी कोपऱ्यातल्या पुतळ्यावरचं फडकं काढलं. मालोजी तीन वर्षं झांकीतला मारुती होता. साचा तोच, मास्तरांनी फक्त शेंदूर न लावता सावळा रंग दिला होता आणि दाढी वाढवली होती. सुनीता समोर उभी राहिली. पदर बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मिशा कोपऱ्यात कातरायचे ते," ती म्हणाली. "तिथे जरा कमी करा."

मास्तरांनी ब्रश उचलला.

"पोलीसवाले ओळखतील हां," संताजी चेनवरून मान वर न करता म्हणाला.

"ओळखू देत."

"बरोबर. पुतळ्याला जामीन लागत नाही."

सुनीता हसली. हसता हसताच पाठ फिरवून तिने शर्टची घडी घातली, मोडली, परत घातली.

अनंत चतुर्दशीला दुपारी जयेश झांकी बघायला आला. बरोबर त्याच्या टॉकीजचं नाव लिहिलेलं वीस फुटी कापड होतं. चाळीतली माणसंही जमली होती. दत्तोपंत खुर्ची टाकून बसले होते. मास्तरांनी मान हलवली आणि संताजीने मोटार चालू केली.

पाच गुंड झुलत पुढे आले. एकाने पेटता बोळा छपराकडे उगारला. त्याच्या अंगात क्रीम रंगाची सफारी होती. पाचांच्याही अंगात सफारी, पाचांच्याही खिशावर निळा 'ज'. भगोड्याचा हात उठला आणि एकेकाच्या जबड्यावर खटखट बसत गेला.

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. जयेश मास्तरांकडे वळला.

"हे काय आहे, मास्साब? पिक्चरमध्ये मिलवाले आहेत! निळे शर्ट! पोस्टर दिलं होतं ना मी?"

"निळे शर्ट मी घरोघर मागितले. कुणी दिले नाहीत. झांकीत चढतो तो कपडा दिलेला असावा लागतो, तुला माहीत आहे. दिले ते तुझ्याच घरून आले."

"माझी मजाक बनवता? माझ्या ट्रकवर? ट्रक पाठवणारच नाही मी! मग काढा झांकी खांद्यावर!"

"नको पाठवूस," मास्तर म्हणाले. आवाज वर्गातला होता, शांत, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पण आधी नीट बघ. तू पुढचंच बघितलंस. तुला नेहमीच घाई."

जयेश रागारागाने एक पाऊल पुढे आला. भगोड्याच्या पायामागे शेतकऱ्याचा मुलगा दडला होता, त्याच्या शर्टचं टोक धरून. पेटता बोळा फिरून येई तसं त्याचं डोकं यंत्राने मागे जाई आणि डोळे वर होत. गोल चेहरा, जरा पुढे आलेले दात. डाव्या भुवईत, केस नसलेली, एक बारीक खाच.

"मोटार बंद कर," जयेश म्हणाला.

संताजीने बटण दाबलं. बोळा धरलेला सफारीचा हात त्या मुलाच्या डोक्यावर येऊन थांबला.

जयेशचा हात वर गेला, आपल्याच कपाळापाशी घुटमळला आणि खाली आला.

"माझा प्रल्हाद केला होता," तो म्हणाला. "तो साचा अजून आहे?"

"चौथी ब," मास्तर म्हणाले. "शाळेतलं काही मी टाकलेलं नाही."

जयेश वळला आणि माणसांमधून वाट काढत निघून गेला. बाहेर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

चार वाजेपर्यंत शेडमध्ये कुणी चहासुद्धा घेतला नाही. दत्तोपंतांनी दोन पोरांना हातगाडीची चौकशी करायला पिटाळलं होतं. साडेचारला गल्लीत हॉर्न वाजला. ट्रक होता. मागे जनरेटर. ड्रायव्हर खाली उतरला आणि भिंतीला लावलेलं ते वीस फुटी कापड गुंडाळू लागला.

"अबे, हे कुठे नेतोस?" संताजीने विचारलं.

"भैयाजींनी सांगितलंय, ट्रक द्या, नाव लावू नका."

"घाबरला!" संताजी म्हणाला.

"लाजला असेल," सुनीता म्हणाली. ती ट्रकवर चढून मालोजीच्या डाव्या बाहीचं बटण लावत होती.

दोघांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. पुतळे चढवताना मुलाचा हात शर्टच्या टोकावरून सुटला होता. गुडघे टेकून, तो लहानसा हात आपल्या हातात धरून, ते तो पुन्हा जागेवर बांधत होते.