बायनाबाईच्या भिंतीचा दगड

दगडातून रक्त आलं, तेव्हा चावडीपुढे जमलेला सगळा गाव एका दमात मागे सरकला.

डोंगराकडच्या गल्लीतल्या बारा घरांचे बारा दगड ओळीने मांडले होते. प्रत्येकाने आपल्या भिंतीतला एक दगड आणायचा. ज्या दगडाला रक्त येईल त्याच्या घरात भानामती करणारी राहते, असं आश्रुबा महाराजांनी सांगितलं होतं. पंधरा दिवसांत गावातल्या दोन म्हशी मेल्या होत्या, एका सुनेची वाळत घातलेली साडी पेटली होती आणि माझे वडील, राधाकिशन गुरुजी, अंगणात उभ्या उभ्या कोसळून गेले होते. डॉक्टरांनी हृदयविकार लिहून दिला. गावाला तेवढ्याने पटलं नाही.

"बोल रं दगडा! गोड बोल, कडू बोल, कुणाच्या घरचा हाईस ते बोल!" असं ओरडत महाराज चिमट्याने दगड खरवडत आणि तांब्यातलं तीर्थ शिंपडत. उदाच्या धुराने डोळे चुरचुरत होते. अकरा दगड गप्प राहिले. बारावा बायनाबाईचा. खरवडलेल्या पांढऱ्या जागेवर तीर्थ पडलं आणि ती लालभडक झाली.

"हिनंच खाल्लं गुरुजीला!" कुणीतरी ओरडलं.

बायनाबाई एकटी राहते. डोंगरातलं दगडफूल गोळा करून काळ्या मसाल्यासाठी बाजारात विकते. आई गेल्यापासून माझ्या वडिलांच्या भाकरी तीच थापत होती. खरं सांगते, त्या क्षणी मीही तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात आलं, त्या दिवशीचा शेवटचा चहा हिनेच दिला होता. लोक असे कसे वागतात, हे त्यानंतर मी कुणाला विचारलेलं नाही.

"म्या न्हाई गं माय," ती म्हणाली. गावाला नाही, मला.

एवढ्यात दगडावरची लाली फिकी पडू लागली. महाराजांनी लगेच हात उंचावला. "बगा! दगडानं रगात परत पेलं! आता हेच तीर्थ हिला पाजा. भानामती भाईर पडंल. मग दिस मावळायच्या आत हिला शिवंभाईर काढा."

माझा चुलतभाऊ अंगद तीर्थाने भरलेला ग्लास घेऊन माझ्या जवळून गेला. उदाच्या वासाखालून दुसरा एक वास आला. तो मी लहानपणापासून ओळखते. वडिलांच्या लाकडी पेटीचा वास.

वडील शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. सुट्टी लागली की भिंग घेऊन डोंगर चढायचे आणि दगडावर उगवणाऱ्या दगडफुलांच्या जाती ओळखायचे. काही जाती नुसत्या नजरेला सारख्याच दिसतात. मग वरची साल खरवडायची आणि आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकायचा. एखादी जात लाल होते, दुसरी तशीच राहते. लाली जरा वेळात उडून जाते, म्हणून ते घाई करायचे, "लिही, लिही लवकर." त्यांच्या वहीत 'लाल' हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला आहे.

"अंगद, ग्लास खाली ठेव."

"ताई, तू सुतकात हाय. मधी पडू नको."

"त्यात विष आहे. सिदू, वास घेऊन बघ."

सिदू ग्रामपंचायतीचा पाणीवाला. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "अबे, ही तर आपली टीसीएल, ब्लीचिंग पावडर! रोज हिरीत टाकतो मी, चिमूट चिमूट. एवढी घट्ट तर जनावराला पाजू नये!"

"देवाची थट्टा करता?" महाराज गरजले. "मग रगात कावून आलं, सांगा!"

गर्दी माझ्याकडे वळली. मागून आवाज आला, "हिलाबी धरा." तरी मी घरी गेले, परसातल्या भिंतीचा एक दगड उपसला, पेटी काखेत घेतली आणि परत आले. सुतकातल्या घराचा दगड चालत नाही, म्हणून महाराजांनी आमचं घर वगळलं होतं.

मी ब्लेडने दगड खरवडला. पेटीतल्या वडिलांच्या बाटलीतल्या ब्लीचिंगच्या पाण्याचा पहिला थेंब मातीत पडला. दुसरा दगडावर पडला. दगड लाल झाला.

"आता बोल, अंगद. माझ्या बापाला मी मारलं का?"

अंगद खाली बघत होता.

मग मी त्यांना दगड दाखवले. अकरा घरांनी भिंती नव्याने बांधल्या आहेत, खाणीतल्या सुरुंगाच्या दगडांनी. दगडफूल धरायला कितीतरी वर्षं लागतात. त्या दगडांवर ते अजून आलेलंच नाही. बायनाबाईची भिंत तिच्या सासऱ्याने डोंगरातले दगड आणून रचलेली. आमची वडिलांनी पाडू दिली नाही, या दगडफुलांसाठीच. म्हणजे महाराज कुठल्याही गावात गेले तरी रक्त जुन्या भिंतीलाच येणार. आणि जुनी भिंत बहुतेक त्याच्याकडेच उरते, ज्याला नवी बांधणं परवडत नाही.

महाराजांनी झोळी उचलली. सिदू ग्लास घेऊन आडवा आला. "महाराज, जायच्या आधी घोटभर घ्या की. तीर्थच हाय."

त्यांनी घेतला नाही. अंगदने पोलिसांना फोन लावला. माझ्याकडे न बघता.

म्हशी कशाने मेल्या ते जनावरांचे डॉक्टर सांगतील. साडी कुणी पेटवली ते पोलीस विचारतील. माणसावर भानामतीचा आळ घेणं हा कायद्याने गुन्हा आहे. माझे वडील का गेले, ते डॉक्टरांनी सांगितलंच आहे, आणि ते मान्य करणं सगळ्यात जड आहे. कुणाला तरी दोषी धरलं असतं, तर मला घटकाभर हलकं वाटलं असतं.

संध्याकाळी बायनाबाईने तिच्या भिंतीत दगड परत बसवला. मी माती कालवून दिली. मग वहीत वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि लिहिलं, 'लाल'.

भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली. पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरचा दगड आणून त्यावर एक थेंब टाकून बघा.