वहिनींच्या ओट्याजवळचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. दाराच्या चौकटी करून उरलेल्या तुकड्यांतून सुताराने मला ठोकून काढलं आणि घाईत एक पाय आखूड ठेवला. तेव्हापासून माझ्यावर बसणारा प्रत्येक जण आधी दचकतो, मग हसतो. माझी जागा स्वयंपाकघरात, ओट्याजवळ.

या घरात एक लेखक राहतात. त्यांच्या पहिल्या दोन पुस्तकांना कुणी विचारलंही नाही. "तुमच्या गोष्टींतला चोर, न्यायाधीश, म्हातारी, सगळे तुमच्यासारखंच बोलतात हो," असं संपादकांनी तोंडावर सांगितलं. त्या दिवशी लेखक तोंड पाडून घरी आले आणि माझ्यावर बसले. त्यांच्या वहिनी लसूण सोलता सोलता बोलत होत्या. लेखकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प बसून ऐकलं.

मग ते रोजच येऊ लागले. वहिनी वाक्य अर्धं सोडून भांडं घासायला घ्यायच्या. दुखलं की थट्टा करायच्या. विचारलं एक तर सांगायच्या दुसरंच, आणि खरं उत्तर तिसऱ्या दिवशी सहज देऊन टाकायच्या. जिवंत माणूस कसा असतो, ते लेखकांना इथे कळलं. मला कोण अभिमान वाटायचा! माझ्यावर बसूनच शिकले ना ते.

एका दुपारी वहिनी म्हणाल्या, "हे गेले ना भावोजी, खोकला थांबला, तशी मी आधी झोपले. तासभर. तीन वर्षांनी अशी सलग... मग तुम्हाला हाक मारली. कुणाला बोलू नका हं."

गेलेला माणूस लेखकांचा सख्खा भाऊ. "नाही बोलणार, वहिनी," एवढंच ते म्हणाले.

बोलले नाहीतच. त्यांनी ते लिहिलं. कादंबरीत बाईचं नाव बदललं, गाव बदललं, तिला शिक्षिका केलं. बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलं, कारण ते बदललं की बाई खोटी वाटू लागायची. पुस्तक गाजलं. ही बाई आम्ही पाहिली आहे, असं लोक सांगू लागले.

वहिनींच्या लेकीनेही ते वाचलं. तिचा फोन आला तेव्हा वहिनी माझ्यावरच बसल्या होत्या. "हो, मीच ती," त्या म्हणाल्या. "हो गं, तासभर. अगं, ऐक तरी..." पलीकडून फोन बंद झाला. त्याला चार वर्षं झाली. लेक पुन्हा फिरकली नाही.

वहिनी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता लेखक आत आले की त्या हात पुसून पाहुण्याला विचारावं तसं विचारतात, "काही हवं होतं का?" लेखक पाणी मागतात, उभ्यानेच पितात आणि जातात. त्यांच्या नव्या कादंबरीतली माणसं तोंड उघडायला तयार नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही उद्या गोष्टी लिहाल. माणसं खरी हवीत तर जवळ बसून ऐकावंच लागेल. पण ज्याने भरवशाने सांगितलं, त्याला एकदा विचारा हो. माझं कोण ऐकणार म्हणा, मी आपलं सांगून ठेवलं.

परवा लेखकांनी वहिनींची माफी मागितली. अगदी हात जोडले. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हेही लिहिणार का?"

लेखकांनी लगेच "नाही" म्हणायला हवं होतं. ते विचारात पडले.