टिटवीचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना कापडी बिल्ला आहे. मेहकरच्या मुलींच्या बेसबॉल संघाचं चिन्ह माझ्यावर भरलेलं आहे: पंख पसरून उभी असलेली टिटवी आणि तिच्या पायांशी लाल टाक्यांचा पांढरा चेंडू.

हे चित्र पंचशीलाचं. ती संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. एकदा खेळाच्या माळावर टिटवीनं अंडी घातली, तेव्हा मुलींनी आपलं मैदानच पलीकडे सरकवलं होतं. चित्र बघून संघाचे प्रशिक्षक शिवशंकर सर म्हणाले, "टिटवी कामून? वाघ काढ की!"

"वाघ कुणी बघितलाय हितं, सर? ही रोज दिसती. माणूस अंगावर आला तरी अंडी सोडून जात न्हाई."

सरांना ते पटलं. पंचशीलाच्या आईनं, चांगुणाबाईंनी, शिलाई मशीनवर बारा बिल्ले भरले. मी चेंडू झेलणाऱ्या कॅचर अंबिकाच्या वाट्याला आलो.

पण तिची आई, कमलबाई, भडकल्या. "टिटवी ओरडली की वाईट होतंय म्हणतेत, अन् तू ती छातीवर लावायलीस? न्हाई चालायचं!"

अकरा सदऱ्यांवर टिटव्या झळकल्या. मी मात्र वर्षभर अंबिकाच्या दप्तरात तळाशी पडून होतो. फार वाईट वाटायचं.

मग कलबुर्गीच्या संघाशी सामना आला. कमलबाई पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आल्या. अंबिकानं मला गुपचूप खिशात ठेवलं होतं. आम्ही एका धावेनं पुढे होतो आणि समोरच्यांचा शेवटचा गडी उरला होता. तेवढ्यात त्यांची एक धिप्पाड मुलगी धाव पुरी करायला अंबिकासमोरच्या होम प्लेटकडे धावत सुटली. पंचशीलानं फेकलेला चेंडू अंबिकाच्या हातमोज्यात आला. ती जागची हलली नाही. जोराची धडक बसली, दोघी धुळीत पडल्या. पण चेंडू सुटला नाही. ती मुलगी बाद झाली. आम्ही जिंकलो!

कमलबाई धावत आल्या. त्या लेकीला उठवत असताना मी तिच्या खिशातून खाली पडलो. त्यांनी मला उचललं, माझ्यावरची चेंडूपाशी उभी टिटवी जवळून बघितली, मग चेंडू घट्ट धरलेल्या लेकीकडे बघितलं.

"सुई हाय का गं कुणाकडं?" त्यांनी विचारलं.

तिथंच मैदानाच्या पायरीवर बसून त्यांनी मला लेकीच्या सदऱ्यावर शिवलं.

आज तो सदरा विजयश्री नावाची नवी कॅचर घालते. माझे दोरे उसवलेत, रंग विटलाय. तरी मी समाधानी आहे. मला चितारणाऱ्या, भरणाऱ्या आणि छातीवर जागा देणाऱ्या हातांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मित्रांनो, तुमच्या संघाचा सदरा धुताना उलटा करा, चिन्हावर ब्रश घासू नका. आणि कुणी कुणाला अपशकुनी म्हटलं, तर आधी त्याला जवळून बघा. कमलबाईंना वर्ष लागलं. तुम्ही तेवढा उशीर करू नका.