तिसरी हाक

जळगावच्या प्रशिक्षणाहून आल्यापासून सुलक्षणाबाईंना नाटकाचं खूळ लागलं, असं शाळेत सगळे म्हणत. तिथे एका पाहुण्याने सांगितलं होतं की इतिहास नुसता पुस्तकात नसतो, तो तुमच्या गावाच्या वेशीत असतो, म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो. मुलांना तो शोधू द्या, रंगमंचावर करून दाखवू द्या. बाकीच्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, दुपारच्या शेवभाजीची तारीफ केली आणि प्रमाणपत्रं पिशवीत घालून घरचा रस्ता धरला. सुलक्षणाबाईंनी मात्र ते सगळं खरं मानलं. बाई मूळच्या धुळ्याच्या, आणि पटलेल्या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागायचं ही त्यांची जुनी खोड.

शाळा चोपडा तालुक्यात, केळीच्या बागांनी वेढलेल्या गावात. गावाला एक जुना दरवाजा होता. तट कधीच ढासळला होता, आता दरवाज्याच्या दोन्ही अंगांनी ट्रॅक्टर बिनदिक्कत ये-जा करत. पण दरवाजा उभा होता आणि त्याचा थाट मोठा होता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाव त्याची पूजा करी. आतून अडसर घालायचा, बाहेर वस्तीतल्या लोटनच्या घरातलं कोणीतरी उभं राहायचं आणि हाक द्यायची, "आमले मझार ल्या!" म्हणजे आम्हाला आत घ्या. दोन हाकांना आतले गप्प राहत. तिसऱ्या हाकेला पाटील अडसर काढत, डफ वाजे, हाक मारणाऱ्याच्या हातावर गूळ-खोबरं पडे. हा मान पिढ्यान्‌पिढ्या लोटनच्या घराचा. तो का मिळाला हे कोणी विचारलं नव्हतं. फुकटच्या मानाची चौकशी कोण करतो?

सुलक्षणाबाईंनी केली. तालुक्यात त्या वर्षी शाळांची नाट्यस्पर्धा होती, विषय होता आपल्या गावाचा इतिहास. सातवीच्या वर्गाला त्यांनी सांगितलं, आखाजीची ही रीत कुठून आली ते घरी विचारून या. मुलं काय काय घेऊन आली! कोणी म्हणे देवीने दृष्टांत दिला, कोणी म्हणे दरोडेखोर आले होते. लोटनची मुलगी ऋतिका तेवढी गप्प होती. इतिहासाच्या तासाला ही पोरगी एरवी बाकाकडे बघत बसायची. त्या दिवशी ती शाळा सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, "बाई, माझ्या आजीला माहितीय. पण ती म्हणते, फक्त बाईंनाच सांगीन."

आजी म्हणजे लोटनची आई, भिकुबाई. ऐंशीच्या पुढची, डोळ्याने अधू, पण बोलणं खणखणीत. ती घराच्या ओट्यावर बसून बोलली आणि ऋतिका तिच्या गुडघ्याला टेकून ऐकत राहिली.

"मानमोडीना ताप उन्था तधळनी गोट शे," भिकुबाई म्हणाली. म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, बाईंनी मनात जुळवलं. "घरोघर मानसे मरेत. मढा उचलाले कोनी नही. मंग गावनी आमना लोकेस्ले सांगं, तुम्ही उचला. त्यास्नी बठ्ठा मढा नदीवर लई जाईसन जाळा. मन्ही आजेसासू ठगूबाई, तिना नवरा, दीर, बठ्ठा व्हतात. संध्याकायले परत उनात, तं दरवाजा बंद. गाव म्हने, तुम्ही मढाले हात लावा, आते मझार येवानं नही."

"मग?"

"तिना कडवर लेकरू व्हतं, तापमा. तिनी हाक मारी. कोनी बोलनं नही. आखो मारी. तिसरी बी मारी."

"तिसऱ्या हाकेला उघडला ना?"

भिकुबाईने मान हलवली. "उघडना नही, बाई. सकायले लेकरू थंड पडेल व्हतं. ठगूबाईनी मरतांना माले हाई सांगं. मी मन्हा पोरले बी सांगं नही."

त्या रात्री सुलक्षणाबाईंना जेवण गेलं नाही. गावाने आपलं पाप दरवर्षी गूळ-खोबरं वाटून साजरं केलं होतं, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच हाक मारायला उभं केलं होतं. याचा त्यांना संताप आला, आणि खोटं कशाला सांगा, थोडा आनंदही झाला. असा इतिहास कोणत्या शाळेला सापडतो?

तालीम सुरू झाली आणि वर्गाचा नूरच पालटला. एरवी सनावळीला तोंड वेंगाडणारी मुलं आता विचारू लागली, तेव्हा दवाखाना कुठे होता, सरकार काय करत होतं, इतकी माणसं मेली तर शेती कोणी केली. ठगूबाईचं काम ऋतिकाकडे आलं. आतून दरवाजा धरणाऱ्या पाटलाचं काम अमृतने मागून घेतलं. अमृत म्हणजे गावच्या अभिमन पाटलांचा नातू, आणि मानमोडीच्या वर्षी अडसर घालणारा त्यांचाच पणजा. तालमीत ऋतिकाने तिसरी हाक दिली की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. एकदा अमृतच रडायला लागला आणि म्हणाला, "बाई, मी उघडू का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा उघडला नव्हता. म्हणून आपण नाटक करतोय."

अमृतने घरी सांगितलंच. दुसऱ्या दिवशी अभिमन पाटील शाळेत आले. शाळा समितीचे अध्यक्ष, बोलणं मऊ, शाळेचे पंखे त्यांनीच दिलेले.

"बाई, नाटक जरूर करा," ते म्हणाले. "फक्त शेवट आखाजीसारखा ठेवा. दरवाजा उघडला, गाव एक झालं. लेकरांनी चांगलं शिकावं की वाईट?"

"खरं शिकावं, आबा."

"तुम्ही होत्या का तिथं?" आबा हसले, पाणी प्यायले आणि गेले. बाईंना वाटलं, संपलं एवढ्यावर. मुख्याध्यापक मूग गिळून बसले होते, त्यावरून तरी त्यांनी ओळखायला हवं होतं.

लोटन केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीत होता. त्या आठवड्यात पाटलांच्या बागेत घड उतरले, गाड्या लागल्या. लोटनला कोणी बोलावलं नाही. शेजारच्या बागेतही नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी धमकी दिली नाही. फक्त बोलावलं नाही.

लोटन शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

"बाई, ऋतिकाले नाटकमातून काढी टाका."

"लोटनभाऊ, तुमच्याच घराची गोष्ट आहे. तिला लाज वाटायचं काय कारण? लाज त्यांना वाटू द्या."

"तुमनं खरं शे," लोटन म्हणाला. "पन तुमनी बदली व्हई जाई. आमले आठेच ऱ्हानं शे. पानीमा ऱ्हाईसन मासोळीसंगे वैर करता येस का?"

सुलक्षणाबाईंनी त्याला पुष्कळ समजावलं. कायदा सांगितला, तक्रार करू म्हणाल्या, मी तुमच्या पाठीशी आहे म्हणाल्या. लोटन मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी त्याने हात जोडले आणि निघून गेला, आणि बाईंना वाटलं की त्याला पटलं. शिकलेल्या माणसाला समोरचा गप्प बसला की पटलं असंच वाटतं.

स्पर्धेची पहिली फेरी शाळेच्याच अंगणात होती. तालुक्याहून परीक्षक आले, सगळं गाव लोटलं. पुढच्या खुर्च्यांवर अभिमन पाटील आणि मंडळी, मागे जमिनीवर वस्तीतली माणसं. भिकुबाईला बाईंनी आग्रहाने पुढे आणून बसवलं होतं.

नाटक रंगलं. मढी उचलण्याच्या प्रवेशाला बायांनी पदर तोंडाला लावले. ऋतिका कडेवर चिंध्यांचं बाळ घेऊन पुठ्ठ्याच्या दरवाज्यासमोर आली. पहिली हाक दिली. दुसरी दिली. बाई पडद्याआड उभ्या होत्या. ऋतिकाने तिसरी हाक दिली आणि अमृतने अडसर काढला.

दरवाजा उघडला. आतली मुलं डफ वाजवत बाहेर आली. अमृतने ऋतिकाच्या हातावर गूळ ठेवला, ती प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणाली, "बाळ वाचलं! गाव वाचलं!" अख्खं अंगण टाळ्यांनी दणाणलं. मुलांनी हे बाईंच्या माघारी, कोणाच्या तरी घरी बसवलं होतं. चोख बसवलं होतं. चूक शोधायला जागा नव्हती.

परीक्षकबाई भारावल्या होत्या. खाली उतरून त्यांनी भिकुबाईचा हात हातात घेतला. "आजी, ही गोष्ट तुम्ही सांगितलीत ना? असंच झालं होतं ना?"

सुलक्षणाबाई धावत पुढे आल्या होत्या. आता म्हातारी बोलेल, अशी त्यांची खात्री होती. भिकुबाईने मागे मान वळवली, लोटनला शोधलं. तो वस्तीतल्या माणसांत हात बांधून उभा होता.

"हां माय," भिकुबाई म्हणाली. "असंच व्हयनं. लेकरू वाचनं."

परीक्षकबाईंनी सुलक्षणाबाईंकडे पाहिलं. बाईंनी तोंड उघडलं, पाटलांच्या खुर्चीकडे नजर गेली, आणि त्या नुसत्या हसल्या.

नाटकाला तालुक्यात पहिला नंबर मिळाला. अंगणातल्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी लोटनला गाडीवर बोलावणं आलं होतं. गोष्ट तालुक्याच्या परिसर पुस्तिकेत छापली गेली, शाळाशाळांत वाटली गेली, आणि सहामाहीच्या पेपरात तालुक्याहूनच प्रश्न आला: गावाचा दरवाजा कितव्या हाकेला उघडला? उत्तरसूचीत उत्तर होतं, तिसऱ्या. एक गुण.

सगळ्या वर्गाने तिसऱ्या असं लिहिलं. अमृतनेही लिहिलं. ऋतिकाने लिहिलं होतं, उघडला नाही.

सुलक्षणाबाईंनी तो पेपर गठ्ठ्यातून बाजूला काढला. पेपर घरी सहीला जातात, मुख्याध्यापक तपासतात, बरोबरची खूण केली तर लोटनचं काम पुन्हा जाईल, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यात तथ्य होतंच. पण त्याहून खरं हे की त्या भ्यायल्या होत्या, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शून्य दिलं.

पेपर वाटले तेव्हा ऋतिका उठून टेबलापाशी आली. बोट उत्तरावर ठेवून तिने हळूच विचारलं, "बाई, हे चूक आहे?"

वर्ग ऐकत होता. अमृत ऐकत होता.

"पुस्तिकेत आहे तेच लिहायचं," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"हो बाई," ऋतिका म्हणाली, आणि पेपर घेऊन जागेवर जाऊन बसली.