ऐंशीचा डबा

मित्रांनो, मी एक जुने, लेबले चिकटवणारे यंत्र आहे. आता गोदामाच्या कोपऱ्यात पडून आहे. माझ्या रोलरवर वाळलेल्या गोंदाचा काळा थर चढला आहे, पण त्याहून जास्त किळस मला माझ्या कामाची येते.

तरुणपणी मी मधाच्या बाटल्यांना लेबले लावत असे. बाहेर मध लिहिलेले, आतही मधच. मग मला प्रोटीन पावडरच्या कारखान्यात आणले. इथे एकाच पिंपात पावडर कालवली जायची आणि तीन रंगांच्या डब्यांत भरली जायची. एका डब्यावर मी शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅम प्रथिने चिकटवत असे, दुसऱ्यावर सत्तर, तिसऱ्यावर ऐंशी.

मला चालवणारी ताई कामाला वाघ होती. लेबल केसभर तिरके गेले तरी डबा परत घ्यायची. मुकादम तोंडभर कौतुक करायचा आणि मीही फुगत असे. कौतुक कशाचे, तर थापा सरळ रेषेत मारल्याचे!

ताईचे वडील मोठ्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळले होते. पुन्हा चालायचे तर प्रथिने वाढवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. ताईने ऐंशीचा डबा घरी नेला. स्वतःच्या हाताने लावलेल्या लेबलावर तिला शंका कशी येणार? तीन महिने ती त्यांना अंड्यांऐवजी तेच पाजत राहिली. बाबांच्या पायांत जीवच येत नाही, असे ती पिंपावरच्या काकांना रोज सांगायची. काका मान खाली घालून पावडर कालवत राहायचे.

चौथा डबा तिने पिशवीत घातला, तेव्हा मात्र त्यांना राहवले नाही.

"बाबांना ते देऊ नकोस, ताई. निम्म्याहून जास्त साखर नि पीठच आहे. मीच कालवतो."

"आणि ऐंशी?"

"ते फक्त लेबलावर आहे."

ताई माझ्याकडे वळली. मग तिने माझ्यातले लेबलांचे भेंडोळे उपसून काढले आणि डब्यासकट तपासणी कार्यालयात नेऊन दिले. कारखान्याला टाळे लागले. तिचे बाबा अजून उभे राहिलेले नाहीत.

मित्रांनो, डब्यावरचा आकडा वाचाल, तेव्हा तो कोणी तपासला हे आधी विचारा. माझ्यावर विसंबू नका. लेबल सरळ लावायचे एवढेच मला सांगितले होते, आणि मी ते शेवटपर्यंत सरळच लावले.