पडल्या जागेवरून

वडिलांचं शेवटचं आजारपण छताकडे बघण्यातच गेलं. इस्पितळातली खिडकी इतकी उंच, की पडल्या जागेवरून आभाळाचा तुकडाही दिसेना. दोघी बहिणी आळीपाळीने उशाशी बसायच्या. थोरली आर्किटेक्ट, धाकटी सॉफ्टवेअरमधली.

पुढे धाकटीने नोकरी सोडली आणि इस्पितळांचे आराखडे आपोआप आखणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. खोल्या नळ-दिव्यांसकट कारखान्यातच तयार व्हायच्या आणि जागेवर नेऊन एकावर एक रचायच्या. कुठली खोली कुठे, ते प्रोग्रॅम ठरवणार.

"पण ताई, अक्कल तुझी लागेल," धाकटी म्हणाली.

ताईने हातातली कामं बाजूला ठेवली. स्ट्रेचर कुठे अडकतं, नर्सला कुठून सगळे पलंग दिसतात, आजवर जे जे शिकली ते तिने नियमांत बसवून दिलं. एका नियमासाठी मात्र हटूनच बसली. खिडकी पलंगाच्या उंचीपासून सुरू व्हायला हवी.

"हा कुणालाही बदलता येणार नाही असा कर."

"केला. बाबांची शपथ."

पहिल्या इस्पितळाच्या खोल्या क्रेनने चढवायच्या दिवशी ताई हौसेने बघायला गेली. ट्रेलरवरच्या एका खोलीत शिरली आणि थबकली. पलंगाच्या जागेशेजारी कोरी भिंत. पार वर, छताला टेकलेली एक फट.

"कारखान्याने घोळ घातलाय," ती सुपरवायझरला म्हणाली.

"घोळ नाही मॅडम. प्रोग्रॅममध्ये तसा पर्यायच आहे. खिडकी वर घेतली की सगळ्या भिंती एका साच्यातून निघतात. तुमच्या बहिणीनेच आम्हाला तो दाखवला, अगदी पहिल्या बैठकीत."

पहिल्या बैठकीत! म्हणजे ताई रात्रंदिवस नियम लिहून देत होती, तेव्हाच.

धाकटी हेल्मेट सावरत आली. ताईचा चेहरा बघून तिने ओळखलं.

"चिडू नकोस गं. नियम आहे अजून, फक्त बंद करता येतो. त्या खिडकीपायी कारखाना हातचा जात होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काम अर्धवट टाकून गेली असतीस."

"म्हणून माझ्याकडचं सगळं काढून घेईपर्यंत गप्प बसलीस."

धाकटीने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि क्रेनवाल्याला हात केला. ताईला तेच जास्त झोंबलं.

तिने आराखड्यांवरून आपलं नाव काढून घ्यायला लावलं. काम काही अडलं नाही. दुसरा आर्किटेक्ट मिळाला, इस्पितळ उभं राहिलं, तसली आणखीही झाली. प्रोग्रॅम अजून ताईच्याच डोक्याने चालतो. ताई पुन्हा लोकांची घरं आखते.

आई ताईकडे असते, त्यामुळे धाकटीचा फोन येतोच. आईच्या गुडघ्यांची चौकशी होते. मग कधी धाकटी हळूच म्हणते, "ताई, जरा बोलायचं होतं."

"थांब, आईला देते," असं म्हणून ताई फोन आईच्या हातात ठेवते.