तळापासून वीतभर वर

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या सांभाळणाऱ्यांना सरकारी प्रशिक्षण घ्यावंच लागतं, नाहीतर पंपाला टाळं. म्हणून आमची मालकीण व्हर्ना आणि तिच्या गल्ल्यावर बसणारी मी, दोघी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये डोनट खात बसलो होतो.

मास्तरांनी पडद्यावर फोटो लावला. पाइपांच्या खड्ड्यातला, गळती ओळखणारा सेन्सर, तारेने बांधून तळापासून वीतभर वर टांगलेला.

"हा पराक्रम कोणाकोणाचा?"

हॉलभर हशा. आमच्या मिझुरी राज्यात हे कोण करत नाही? पावसाचं पाणी खड्ड्यात शिरतं, सेन्सर भिजतो, भोंगा बोंबलतो आणि पंप आपोआप बंद. गिऱ्हाईक शिव्या घालत पुढच्या गावाला जातं.

व्हर्ना माझ्या कानाशी लागली. "आपणही मार्चमध्ये बांधला होता की!"

"हसा, हसा," मास्तर म्हणाले. "पण त्या वीतभरात पाण्याऐवजी पेट्रोल साठलं तर भोंगा गप्पच राहणार. पेट्रोल खड्ड्यातून पाझरून उताराला जाणार. तुमच्या उताराला काय आहे, ते आठवा."

व्हर्नाचा डोनट हातातच राहिला. आमच्या उताराला तिच्या लेकीचं, टॅबीचं घर. घरात दोन महिन्यांचं बाळ, आणि पाणी अंगणातल्या बोअरचं.

गाडीत ती सारखी टॅबीला फोन लावत होती. डोंगरात रेंज कुठली!

"पाण्याला वास येतो म्हणाली होती गं. मी म्हटलं, नव्या पाइपचा असेल."

"सेन्सर परत खाली सोडला होतास ना?"

"तू नाही सोडलास?"

माझा संताप संताप झाला. तिचा आला की माझाच, कोण जाणे.

पंप वाटेतच होता. खड्ड्याचं झाकण उचललं तर वासाने डोळ्यांतून पाणीच आलं. तळाला जवळजवळ वीतभर पेट्रोल साठलेलं आणि त्याच्यावर आमचा सेन्सर कोरडा ठणठणीत लटकत होता. मी धावत जाऊन पंपाचं बटण बंद केलं. मागे वळले तोवर व्हर्ना उतारावरून पळत सुटली होती. वयाच्या साठीला, चपला हातात घेऊन.

मी पोचले तेव्हा टॅबी दारात हसत होती. "आई, वाघ मागे लागलाय का?"

"बाळाच्या पावडरच्या दुधाला पाणी कुठलं घेतेस?"

"आपलंच, बोअरचं. तुझा उपाय लागू पडला गं! रात्रभर फ्रीजमध्ये उघडं ठेवलं की वास जातो." तिने कौतुकाने फ्रीज उघडला. आत पाण्याची पातेली आणि भरलेल्या दुधाच्या बाटल्या होत्या. "आधी तोंड फिरवायचा. आता बघ, सकाळची अख्खी बाटली संपवलीन."

व्हर्नाने पाळण्यातून बाळाला उचललं, त्याचं तोंड हुंगलं. मग परत हुंगलं.

"आई, काय झालंय? सांग ना!"

व्हर्ना बाळाला घेऊन दाराकडे वळली. "दवाखान्यात," म्हणत मी तिच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली.